हिरवळीचा बेत

सांगलीच्या विश्रामबागेतल्या माणसानं गोल्फचं मैदान बघायला जायचं ठरवलं, की त्याला ‘कधी’ असं कोणी विचारत नाही. ‘कशाला’ असं विचारतात. नरसोबाच्या वाडीला किंवा गणपतीपुळ्याला निघालेल्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. महाबळेश्वरला निघालेल्याला तर ‘येताना स्ट्रॉबेरी आणा’ एवढंच सांगितलं जातं. पण गोल्फ म्हटल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींनी रीतसर चौकशीच बसवली.

‘खेळता येतं काय तुम्हाला?’

‘नाही.’

‘मग शिकणार काय आता?’

‘नाही हो.’

‘मग बॉल शोधून द्यायला निघालाय व्हय?’

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त होता. खेळायचं नाही, शिकायचं नाही, आणि ज्या खेळातले नियमही धड ठाऊक नाहीत त्याचं मैदान बघायला तीन-साडेतीनशे किलोमीटर जायचं. निमित्त पुतण्याचं. तो पुण्यात नोकरीला आहे आणि ऑफिसातल्या मित्रांच्या नादानं गोल्फ शिकतो आहे. गोव्यात काणकोणला राजबागेच्या किनाऱ्यावर द ललित हॉटेलचं नऊ होलचं मैदान आहे. एका बाजूला समुद्र, पलीकडे तळपण नदीचं मुख. ‘काका, तुम्ही काकूला घेऊन या. खेळू नका, नुसतं बघा. असली हिरवळ तुम्ही बघितली नसेल,’ असं तो फोनवर म्हणाला आणि बेताची सुरुवात झाली.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं आधी अंदाजपत्रक करायचं, हा स्वभावाचा भाग झाला आहे. लोकांना प्रवास आवडतो. मला प्रवासाचा बेत जास्त आवडतो. नकाशा पसरायचा, घाट कुठला घ्यायचा ते ठरवायचं, भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या, भडंग किती न्यायचं यावर घरात चर्चा करायची. बेतात कोणी दमत नाही आणि कोणाला गाडी लागत नाही. पण या वेळी कागदावर आकडे मांडायला बसलो आणि हा बेत सरळ पुढं जाईना. त्या ‘कशाला’चं उत्तर दिल्याशिवाय तो पुढचं पान उलटू देईना.

आम्ही ज्या विलिंग्डन कॉलेजच्या परिसरात सकाळी फिरतो, तिथूनच उत्तराला सुरुवात झाली. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं 1919 साली हे कॉलेज काढलं आणि त्याला मुंबई इलाख्याचे नुकतेच पायउतार झालेले गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचं नाव दिलं. पु. ल. देशपांडे इथूनच एम. ए. झाले, हे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. विलिंग्डन कोण होते हे मात्र कोणी कोणाला सांगत नाही. मीही आजवर त्या नावाकडे पाटीवरची अक्षरं म्हणूनच बघत होतो. गोल्फच्या नादानं शोधायला गेलो तेव्हा कळलं, की मुंबईत ताडदेव-हाजी अलीजवळ गोल्फचं मैदान असलेला जो विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब आहे, तोही याच माणसाचा. आमच्या कॉलेजच्या एक-दोन वर्षं आधीचा.

त्या क्लबाची एक कथा सांगतात. विलिंग्डन साहेबांनी काही हिंदी संस्थानिकांना मुंबईतल्या एका गोऱ्या क्लबात जेवायला नेलं आणि दारातच सांगण्यात आलं, की साहेब, आपण या. आपले पाहुणे नाहीत. साहेब चिडले आणि गोरे व हिंदी दोघांनाही सभासद होता येईल असा नवा क्लब त्यांनी उभा केला. कथेत तिखट-मीठ किती आणि खरं किती ते सोडून देऊ. क्लब दोघांसाठी खुला होता एवढं खरं. स्वतः विलिंग्डन तरुणपणी केंब्रिज आणि ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले. मैदानावर कातडीचा रंग बघू नये, एवढं त्यांना कळत असावं. पण हेच गृहस्थ पुढं व्हाइसरॉय होऊन आले आणि 1932च्या जानेवारीत त्यांनी गांधीजींना तुरुंगात टाकलं. क्लबाचं दार उघडणं वेगळं आणि देशाचं दार उघडणं वेगळं.

आणि क्लबाचं तरी दार उघडलं ते कोणासाठी? रंगाची अट गेली, ऐपतीची राहिली. त्याच्याच नावाच्या आमच्या कॉलेजात जतच्या, तासगावच्या, कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याचं पोर फॉर्म भरून आत येतं. आम्ही निवृत्त मंडळी तर तेवढंही न करता आत हिंडतो. एकाच माणसाच्या नावाची दोन फाटकं, एक विश्रामबागेत, एक ताडदेवला. दुसऱ्यातून आत जायला सभासद तरी असावं लागतं, नाहीतर सभासदाचा पाहुणा. हे लक्षात आल्यावर मला गोल्फबद्दल उत्सुकता वाटू लागली. खेळापेक्षा त्याच्या फाटकाबद्दल जास्त.

पुतण्यानं मग खेळ समजावून सांगितला. पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅमचा चेंडू, सव्वाचार इंच व्यासाचं भोक, आणि दोघांच्या मध्ये कधी शंभर तर कधी पाचशे मीटर जमीन. जिथून मारायचं ती टी, मधली कापलेली हिरवळ म्हणजे फेअरवे, भोकाभोवतीचं सतरंजीसारखं गवत म्हणजे ग्रीन. वाटेत वाळूचे खड्डे, ते बंकर. चेंडू पाण्यात गेला तर एक फटका दंड. अठरा होलचा पूर्ण डाव पायी खेळला तर सहा-आठ किलोमीटर चालणं होतं. हे ऐकून आमच्या फिरण्याच्या मंडळींचा सूर जरा मवाळ झाला. ‘म्हणजे मॉर्निंग वॉकच की! हातात काठी तेवढी जास्त.’

मला पटलं ते वेगळंच. क्रिकेटमध्ये समोर बोलर असतो, कुस्तीत समोर पैलवान असतो. गोल्फमध्ये समोर जमीनच असते. तिचा उतार, तिच्यावरचा वारा, तिची वाळू, तिचं पाणी, यांच्याशी सामना. जिंकणारा शेवटी दुसऱ्या माणसापेक्षा कमी फटके मारतो, पण प्रत्येक फटका जमिनीला उत्तर म्हणून असतो. आयुष्यभर जमिनीचे उतार मोजून कालवे कुठून जातील हे बघणाऱ्या माणसाला हा खेळ परका वाटायचं कारण नव्हतं.

हा खेळ पाण्याकाठी का वाढला, याचंही उत्तर जमिनीतच आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्या मध्ये वाळूचा उंचसखल पट्टा असतो. नांगराला निरुपयोगी, मीठ खाल्लेला, आखूड गवताचा. तिथं मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे आणि गावातले लोक चेंडू मारत हिंडायचे. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथं बसायच्या तिथं खळगे पडले, तेच पुढं बंकर झाले, असं सांगतात. म्हणजे आज ज्या मैदानांवर श्रीमंतीचा शिक्का आहे, त्यांचा पूर्वज गावाचं गायरान होता.

आणि तो पूर्वज अजून बऱ्यापैकी गायरानच आहे. सेंट अँड्रूजचं जुनं मैदान म्हणजे गोल्फवाल्यांची पंढरी. ती जमीन सार्वजनिक मालकीची आहे. एरवी तिथं जगभरातून खेळाडू येतात, पण रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि गावातली माणसं त्याच हिरवळीवर फिरायला येतात. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, कुत्री, सगळे. हे वाचलं आणि मी ते फिरण्याच्या वेळी मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांचा चेहरा असा झाला, जणू आमच्याच बाजूनं निकाल लागला होता.

आपल्याकडे गोल्फ आला तो मात्र गायरान होऊन आला नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना म्हणून त्याची ख्याती. पुढं छावण्यांमधून, गव्हर्नरांच्या आसपास, चहाच्या मळ्यांतून तो पसरला. मुंबईत चेंबूरला, पुण्यात येरवड्याला मैदानं आहेत. पण त्या मैदानांवर रोज चालणारा आणखी एक माणूस होता, त्याचं नाव सभासदांच्या यादीत कधीच नव्हतं. तो कॅडी. खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचं, वारा कुठून आहे ते सांगायचं, गवतात हरवलेला चेंडू शोधायचा. अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा असाच एक कॅडी. त्यानं 1991 साली इंडियन ओपन जिंकली आणि 1993 साली पुन्हा जिंकली. त्याच्याआधी 1965 साली पी. जी. सेठी हे हौशी खेळाडू ती जिंकणारे पहिले भारतीय ठरले होते. पण व्यावसायिक म्हणून जिंकणारा पहिला भारतीय अली शेर, पिशवी वाहून आलेला. ‘बॉल शोधून द्यायला निघालाय व्हय?’ या प्रश्नाला माझ्याकडे आता एक बरं उत्तर होतं.

इथवर बेत उत्साहात होता. मग मी हिरवळीच्या पाण्याचा हिशेब करायला बसलो. ही खात्यातली सवय. अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते गवत हिरवं ठेवायचं तर रोज लाखो लिटर पाणी द्यावं लागतं. नऊ होलला निम्मं धरा. स्कॉटलंडमध्ये हे काम पावसाळी हवाच करते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सोडले तर मोटार करते.

लाखो लिटर म्हटलं की सांगलीकराच्या डोळ्यांपुढं तळं येत नाही, रेल्वे येते. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा इथून पलीकडच्या मिरज जंक्शनवरून कृष्णेचं पाणी वाघिणींत भरून पाठवलं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींच्या गाड्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ती गाडी सुटताना बघायला माणसं उभी राहायची. त्या गाडीकडे बघणाऱ्यांमध्ये जतचे, आटपाडीचे लोकही असतील, ज्यांच्या स्वतःच्या गावात टँकरची वाट बघणं नवं नव्हतं. आमचा जिल्हाच तसा. पश्चिमेला नदीकाठी ऊस उभा, पूर्वेला म्हैसाळ योजनेचं पाणी कधी येणार यावर गावांचं राजकारण.

आणि हीच कृष्णा वर्ष बदललं की अंगावर येते. आयर्विन पूल 1929चा. त्याच्यावरचे फुटांचे आकडे सांगलीत पोराबाळांनाही पाठ असतात: चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. कोयना धरणाची क्षमता एकशे पाच टीएमसी, हे ज्या खात्याच्या कागदांवर मी वर्षानुवर्षं लिहीत आलो, त्या खात्याच्या कुठल्याच कागदावर गावभागातल्या माळ्यावर बसलेल्या माणसांची रात्र लिहायला रकाना नव्हता. विश्रामबाग उंचावर, म्हणून नात्यातली माणसं गाद्या-पातेल्यांसह आमच्याकडे आली होती. तेव्हापासून आमच्या घरात ‘पाण्याकाठची जागा’ हे शब्द कोणी कौतुकानं उच्चारत नाही.

हे सगळं मी हिला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, ‘म्हणजे जायचं नाही म्हणता?’

‘तसं नाही.’

‘मग आधी ठरवा. जायचं असेल तर मला भडंगाला मुरमुरे आणावे लागतील. आणि हिशेबच घालायचा असेल तर तो घरात बसूनही घालता येईल.’

तिचं म्हणणं बरोबर होतं. एखादी हिरवळ सुंदर आहे म्हणून तिला सगळं माफ होत नाही. आणि माफ होत नाही म्हणून ती सुंदर नाही, असंही नाही. बघायला जाणाऱ्यानं दोन्ही बघावं. अडचण एवढीच, की हॉटेलच्या खुर्चीत बसून एकच दिसतं. दुसरं दिसायला कुठं उभं राहायचं, ते बेतातच ठरवावं लागतं. मी पुन्हा नकाशा पसरला.

सरळ रस्ता असा: कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, मग बांद्याहून महामार्गानं गोव्यात. मिरजेहून गोवा एक्सप्रेसही आहे. बेळगाव, लोंढ्यावरून दूधसागराच्या कुशीतून मडगावला उतरवते. रेल्वेचा मोह मोठा होता. पण सावंतवाडीवरून पश्चिमेला बोट सरकवत नेलं तर शिरोडा लागतं, त्याच्या खाली रेडी, आणि रेडीच्या खाली तेरेखोल.

शिरोड्याला सांगलीकरानं थांबायलाच हवं. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा आणि 1920पासून पुढची बरीच वर्षं ते शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्याच शिरोड्यात 1930च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्राच्या पाण्यातलं मीठ कोणाचं, हा प्रश्न तिथल्या मिठागरांत उभा राहिला होता.

तेरेखोल तर आणखी पुढची गोष्ट सांगतं. नदीच्या उत्तरेला असूनही हे गाव गोव्याचं. तीन बाजूंना सिंधुदुर्ग आणि समुद्र, चौथ्या बाजूला नदी, पलीकडे केरीला जायला फेरीबोट. किल्ला सावंतवाडीकरांनी बांधला, 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला. या गावात काजूच्या बागा असलेल्या पठारावर पाण्याकाठी गोल्फचं मैदान आणि हॉटेल व्हायचं होतं. 2014-15च्या सुमारास त्याच्या बातम्या यायच्या. गावकरी विरोधात उभे राहिले, कुळांच्या हक्काचा वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मैदान रखडलं. कागदावर फेअरवे आणि ग्रीन आखलेले. जमिनीवर आपली काजू पिकवून पोट भरलं असं म्हणणारी कुटुंबं. गोल्फमध्ये समोर जमीन असते म्हटलं ना, तिथं ती जमीन बोलत होती.

म्हणजे या एका किनाऱ्यावर मला दोन मैदानं बघता येणार होती. एक झालेलं, एक रखडलेलं. दोन्ही पाण्याकाठी, दोन्ही नदीच्या मुखाशी. स्पर्धेच्या भाषेत बोलायचं तर पहिला होल तेरेखोलला आणि शेवटचा राजबागेत.

मग महिना ठरवणं सोपं झालं. राजबागेच्या दक्षिणेला तळपण नदी ओलांडली की गालजीबाग. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं ती घरटी राखतं. थंडीत अंडी घातली जातात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. निसर्गाच्या हिशेबात तो उजेड समुद्रावरच्या आकाशाचा असतो. किनाऱ्यावर माणसांनी दिवे लावले, की पिल्लं उलट्या दिशेनं जातात. म्हणून ज्या किनाऱ्यावर कासवं येतात तिथं रात्री दिवे, गोंगाट नको, असा दंडक. हिरवळ, हॉटेल आणि कासव यांना एकाच किनाऱ्यावर नांदायचं तर कोणीतरी दिवे मालवायला हवेत. फेब्रुवारीचा शेवट धरला: आंबोलीत धुकं नाही, काजूला मोहोर-बोंडं, आणि कासवांचा हंगाम चालू.

पुतण्याला फोन करून मी माझ्या प्रश्नांची यादी वाचून दाखवली. न खेळणाऱ्याला मैदानाच्या कडेनं चालता येतं का? कॉलरचा शर्ट लागतो म्हणतात, तो काकूलाही लागतो का? गवताला पाणी कुठलं देतात, विहिरीचं की हॉटेलात वापरून शुद्ध केलेलं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, तुम्ही सहलीला येताय की तपासणीला?’

‘दोन्हीला,’ मी म्हटलं. ‘आणि समोरचा माणूस फटका मारत असताना बोलायचं नसतं, एवढा नियम मला ठाऊक आहे. तो तू मारत असशील तेव्हा मी पाळीन.’

बेत आता पक्का आहे. पहिला मुक्काम शिरोड्याला, साध्या खानावळीवाल्या लॉजवर. सकाळी तेरेखोल, पठारावरून पायी. तिथं कोणी भेटलं तर त्यांच्याशी बोलणं, मग फेरीनं केरी. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी राजबागेच्या वाळूवरून चालत जायचं आणि मैदान आधी समुद्राच्या बाजूनं बघायचं. भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची असते, तिथं फाटक नाही. त्यानंतर पुतण्याबरोबर पुढच्या दारानं आत, कॉलरचा शर्ट घालून. तिथं मी त्याची पिशवीही उचलणार आहे, खेळ जवळून बघायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

फिरण्याच्या मंडळींना हे सगळं सांगितलं तेव्हा पुन्हा ‘कशाला’ असं कोणी म्हटलं नाही. एकानं फक्त विचारलं, ‘गाडीत जागा आहे काय?’ दोन आहेत. त्यातली एक मी जतकडच्या आमच्या जुन्या कालवा-निरीक्षकासाठी धरून ठेवली आहे. पाणी कुठून येतं आणि कोणाच्या रानातून कापून जातं, हे त्याला माझ्यापेक्षा लवकर दिसतं.